मारियसचा दुसरा पाय

गायस मारियस हा रोमचा सेनापती. इसवी सनपूर्व १५७ च्या आसपास जन्मला, ८६ मध्ये वारला. कॉन्सल हे रोमच्या प्रजासत्ताकातलं सर्वांत मोठं पद. ते त्यानं सात वेळा मिळवलं. नात्यानं तो ज्युलियस सीझरच्या आत्याचा नवरा. या मारियसच्या दोन्ही पायांवर शिरा फुगून त्यांच्या गाठी झाल्या होत्या आणि ते ध्यान त्याला आवडत नव्हतं. म्हणून त्यानं वैद्याला बोलावलं.

त्या काळी अशी कापाकापी करण्याआधी रुग्णाला बांधून ठेवत. मारियसनं बांधून घ्यायला नकार दिला आणि एक पाय पुढे केला. वैद्य कापत राहिला. मारियस हलला नाही, ओरडला नाही, चेहऱ्यावरची रेषही बदलू दिली नाही. पहिला पाय संपवून वैद्य दुसऱ्याकडे वळला, तेव्हा मात्र मारियसनं त्याला थांबवलं. एवढ्याशा सुधारणेसाठी इतकं दुखणं सोसणं काही परवडत नाही, अशा अर्थाचं तो बोलला आणि दुसरा पाय तसाच राहिला.

ही हकिगत प्लुटार्कनं सुमारे दोनशे वर्षांनंतर लिहून ठेवली. सिसेरो आणि थोरला प्लिनी यांनीही तिचा उल्लेख केलाय. या सगळ्यांना त्यात मारियसचं धैर्य दिसलं. मला त्याचा नकार जास्त मोलाचा वाटतो. रोगापेक्षा इलाज भयंकर, असं आपण सहज म्हणून जातो. इथे एका माणसानं आधी एक पाय देऊन मग तो हिशेब मांडला होता. व्हेरिकोज व्हेन्सच्या उपचारांचा पुढचा दोन हजार वर्षांचा इतिहास म्हणजे मारियसनं दुसरा पायही पुढे करावा यासाठी चाललेली खटपट आहे, असं मी म्हणेन.

चढावरचं रक्त

वैद्यकाच्या मराठी परिभाषेत व्हेरिकोज व्हेन्सना 'अपस्फीत नीला' म्हणतात. हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. घरात आपण 'पायाच्या शिरा फुगल्यात' म्हणतो.

हृदयाकडून पायाकडे रक्त ढकलायला हृदयाचा पंप असतो. परतीचा रस्ता चढाचा. उभ्या माणसात घोट्यापासून हृदयापर्यंतचं अंतर मीटरभराहून जास्त भरतं. हा चढ चढवण्याचं काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळते, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये ठिकठिकाणी नाजूक झडपा असतात, त्या फक्त हृदयाच्या दिशेनं उघडतात. एखादी झडप नीट मिटेनाशी झाली की वर गेलेलं रक्त मागे येतं. त्याचा दाब शिरेच्या भिंतीवर पडतो, शीर रुंदावते, आणि रुंदावल्यामुळे तिची पुढची झडपही मिटत नाही. मग पाय ठणकतात, संध्याकाळी सुजतात. काहींच्या घोट्याजवळची कातडी काळी पडते. पुढे तिथे जखम झाली, तर ती महिनोन्‌महिने भरत नाही.

पायात शिरांची दोन जाळी असतात. एक स्नायूंच्या आत, खोलवर. पायातलं सुमारे ९० टक्के रक्त तिथूनच परततं. दुसरं जाळं कातडीखाली. त्यातली मोठी शीर घोट्याच्या आतल्या बाजूनं निघून थेट जांघेपर्यंत जाते. फुगतात त्या या वरवरच्या शिरा. खोलवरचा रस्ता मोकळा असेल, तर बिघडलेली वरची शीर काढून टाकली किंवा बंद केली तरी पायाचं काही अडत नाही. पुढचे सगळे उपचार याच आधारावर उभे आहेत. पण पूर्वीच्या वैद्यांना हे माहीत नव्हतं.

आकडा आणि तापलेली सळई

हा विकार माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात इसवी सनपूर्व चौथ्या शतकातलं एक संगमरवरी शिल्प आहे. एक माणूस जवळजवळ स्वतःएवढा पाय दोन्ही हातांनी धरून उभा आहे आणि त्या पायावर फुगलेली शीर कोरलेली आहे. लिसिमाखिदिस नावाच्या माणसानं हा नवस अमिनोस या वैद्यदेवतेला वाहिला. आपल्याकडे देवाला चांदीचे हातपाय, डोळे वाहतात, त्यातलाच हा प्रकार.

हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांमध्ये अशा शिरा सुईसारख्या हत्यारानं जागोजागी टोचायला सांगितलंय. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 'सिराज ग्रंथी' नावाची शिरांची गाठ येते. अशक्त माणसानं झेपत नसताना शरीर राबवलं की ती होते, असं कारण तिथे दिलंय. शीर टोचून रक्त काढण्याला, म्हणजे सिराव्यधाला, सुश्रुत शल्यतंत्रातली निम्मी चिकित्सा मानतो.

सगळ्यात तपशीलवार कृती सापडते ती इसवी सनाच्या पहिल्या शतकात, सेल्ससच्या लॅटिन ग्रंथात. तो दोन उपाय सांगतो. शीर सरळ असेल तर कातडी चिरून तापलेल्या सळईनं ती जाळायची. वेडीवाकडी असेल तर जागोजागी चिरा देऊन आकड्यानं उचलायची, कापायची आणि ओढून काढायची. हे दोन्ही उपाय लक्षात ठेवा. आज लेझरनं शीर जाळली जाते आणि बारीक आकड्यानं उपसलीही जाते, म्हणजे दोन्ही कल्पना तेव्हाच हाताशी होत्या. नव्हती ती बधिर करण्याची सोय. शिवाय शिरेतलं रक्त कुठून कुठे जातं, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं.

झडपांचा शोध

इटलीतल्या पादुआ विद्यापीठात फॅब्रिशियस हा शरीररचनेचा प्राध्यापक होता. १६०३ मध्ये त्यानं शिरांमधल्या झडपांवर एक सचित्र ग्रंथ छापला. चित्रं उत्तम होती, अर्थ मात्र चुकला. रक्त हातापायांकडे फार वेगानं धावू नये म्हणून या झडपा त्याला अडवतात, असं त्याला वाटलं. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या विल्यम हार्वे या इंग्रज विद्यार्थ्यानं १६२८ मध्ये तो अर्थ उलटा करून दाखवला. झडपा रक्ताला हृदयाकडेच जाऊ देतात आणि रक्त शरीरात गोल फिरतं. आपल्याला ही कल्पना झडपांवरूनच सुचली, असं हार्वेनं म्हातारपणी सांगितल्याची नोंद रॉबर्ट बॉइल यांनी केली आहे.

हार्वेचा प्रयोग आत्ता करता येईल. मोबाईल एका हातात असेल तर दुसरा हात थोडा वेळ खाली सोडा. शीर दिसायला लागली की तिच्यावर एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटानं तिथलं रक्त कोपराच्या दिशेनं पुढे सारा. वरचं बोट उचला. झडपेपर्यंतचा तुकडा रिकामाच राहतो. आता खालचं बोट काढा, तो झटकन भरतो.

हे कळल्यावरही पायाच्या उपचारात त्याचा वापर व्हायला अडीचशे वर्षं गेली. १८९१ मध्ये जर्मनीत बॉनच्या फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग या सर्जननं आपली पद्धत प्रसिद्ध केली. रुग्णाला झोपवून पाय वर करायचा, म्हणजे शिरा रिकाम्या होतात. मांडीजवळ शीर दाबून धरायची आणि त्याला उभं करायचं. दाब सोडल्याबरोबर शीर वरून खाली भरली, तर बिघाड वरच्या झडपेत. मग फुगलेल्या सगळ्या गाठी कापत बसण्याऐवजी त्यानं मांडीत एक चिरा देऊन मोठी शीर तिथेच बांधून टाकली. गाठी जिथे दिसतात त्याच्या बऱ्याच वर त्यांचं मूळ असतं, हे यातून पहिल्यांदा उपचारात उतरलं.

पण बांधलेली शीर आजूबाजूच्या फाट्यांतून पुन्हा वाट काढायची. तेव्हा अमेरिकन सर्जननी ती सबंधच काढायचं ठरवलं. १९०५ मध्ये केलर, १९०६ मध्ये चार्ल्स मेयो आणि १९०७ मध्ये बॅबकॉक या तिघांनी त्यासाठी आपापली साधनं दिली. बॅबकॉकची कल्पना सगळ्यात जास्त टिकली. शिरेच्या आतून लांब तार घालायची, तिच्या टोकाला बोंडासारखा गोळा, शीर त्याला बांधायची आणि ओढायची. नाडी ओवलेल्या लेंग्यातून नाडीला धरून कापड गोळा होत यावं, तशी शीर गोळा होत बाहेर येते. याला 'स्ट्रिपिंग' म्हणतात. विसावं शतक संपेपर्यंत जगभर हाच मुख्य उपचार होता. भूल आली होती, त्यामुळे ऑपरेशन टेबलावर मारियससारखं सोसावं लागत नव्हतं. सोसणं नंतरच्या आठवड्यांवर ढकललं गेलं होतं. मांडी काळीनिळी पडायची आणि शिरेलगतची संवेदनेची नस दुखावली तर पायाचा काही भाग बधिर राहायचा.

सुईची वाट

कापण्याच्या बरोबरीनं दुसरी एक वाट शोधली जात होती. शीर बाहेर काढण्याऐवजी आतून चिकटवून बंद करता येईल का?

१८५३ मध्ये फ्रान्समधल्या लिओंच्या शार्ल प्रावाझनं स्क्रू फिरवून दट्ट्या पुढे सरकवायची एक छोटी सिरिंज वापरली. तिनं फेरिक क्लोराइड टोचून धमनीच्या फुगवट्यातलं रक्त गोठवायचं, हा त्याचा हेतू होता. लवकरच फ्रेंच डॉक्टरांनी तेच द्रावण पायाच्या फुगलेल्या शिरांत टोचायला सुरुवात केली. निर्जंतुकीकरण माहीत नव्हतं आणि औषध जहाल होतं. जखमा चिघळल्या, माणसं दगावली, आणि शतक संपेपर्यंत ही पद्धत बदनाम होऊन मागे पडली.

ती परत आली ती वेगळ्याच रोगामुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिफिलिससाठी शिरेतून जहाल औषधं देत. जर्मनीत पाउल लिन्झर आणि फ्रान्समध्ये झाँ सिकार यांच्या लक्षात आलं, की ज्या शिरेत औषध जातं ती शीर कडक होऊन बंद पडते. रुग्णाच्या दृष्टीनं हा त्रास होता. या दोघांनी तोच फुगलेल्या शिरांसाठी उपाय म्हणून वापरला. १९४० च्या दशकात सोडियम टेट्राडेसिल सल्फेटसारखी सौम्य औषधं आली. १९६० च्या दशकात डब्लिनच्या जॉर्ज फेगन यांनी इंजेक्शननंतर पाय घट्ट बांधून रुग्णाला चालायला लावायची शिस्त घालून दिली.

पाय आवळून धरण्यामागची एक हकिगत मला आवडते. कॉनराड जोब्स्ट हा अमेरिकेत ओहायोमध्ये राहणारा इंजिनिअर. त्याला स्वतःलाच पायाच्या शिरांचा त्रास होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पाय हलके वाटतात, हे त्यानं हेरलं. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, म्हणजे घोट्याला सगळ्यात जास्त आणि वर कमी कमी. १९५० च्या सुमारास त्यानं तसाच दाब देणारे मोजे बनवले. आज डॉक्टर लिहून देतात ते घट्ट मोजे याच तत्त्वावर चालतात.

इंजेक्शनची मुख्य अडचण अशी, की मोठ्या शिरेत औषध रक्तात मिसळून पातळ होतं. यावर उपाय फेसाचा. फेस रक्ताला बाजूला सारतो आणि शिरेच्या भिंतीला चिकटून राहतो. १९९० च्या दशकात स्पेनच्या काब्रेरा यांनी हे नीट करून दाखवलं. २००० मध्ये इटलीच्या तेस्सारी यांनी फेस करण्याची फार स्वस्त युक्ती दिली. दोन सिरिंज आणि मध्ये तीन तोंडांची प्लास्टिकची तोटी. एकीत औषध, दुसरीत हवा. दट्टे वीसेक वेळा पुढेमागे केले की दाट फेस तयार.

सेल्ससचा आकडाही याच काळात परतला. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलचे त्वचारोगतज्ज्ञ रोबेर म्युलर यांनी १९५० च्या दशकात तेवढीच जागा बधिर करून, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या छिद्रातून बारीक आकड्यानं शीर उपसायची पद्धत बसवली. टाका घालायची गरज नाही. पट्टी बांधली की रुग्ण चालत घरी.

आतून पाहणं

खरा बदल मात्र डोळ्यांनी घडवला. ख्रिश्चन डॉप्लरनं १८४२ मध्ये मांडलेलं तत्त्व आणि सोनोग्राफी यांची सांगड १९७० च्या दशकात अमेरिकेत सिएटलमध्ये यूजीन स्ट्रँडनेस यांच्या गटानं घातली. या 'डुप्लेक्स' यंत्रावर शीर दिसते, आणि रक्त वर जातंय की उलटं येतंय हेही कळतं. ट्रेंडेलेनबुर्ग हातानं जे अजमावत होता, ते आता पडद्यावर आलं.

बाकीचे तुकडे इतर शाखांमधून आले. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुईतून तार आणि तारेवरून नळी सरकवायची पद्धत दिली होती. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाचे जेफ्री क्लाइन यांनी चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी भरपूर सलाईनमध्ये पातळ केलेलं बधिर करण्याचं औषध वापरायला सुरुवात केली. शिरेभोवती हे पाणी भरलं की तीन कामं होतात. दुखत नाही, उष्णता आजूबाजूच्या नसांपर्यंत पोचत नाही, आणि शीर दाबली जाऊन आतल्या साधनाला चिकटते.

हे सगळं जुळलं आणि १९९९ मध्ये दोन गोष्टी झाल्या. रेडिओलहरींनी शीर तापवून बंद करणाऱ्या साधनाला अमेरिकेत परवानगी मिळाली, आणि स्पेनच्या कार्लोस बोने यांनी शिरेच्या आत लेझरचा तंतू घालून केलेल्या उपचाराची माहिती दिली. २००१ मध्ये नवारो, मिन आणि बोने यांचा लेझरवरचा शोधनिबंध आला. पद्धत थोडक्यात अशी. गुडघ्याजवळ सुई टोचायची, सोनोग्राफीत बघत तंतू जांघेच्या जरा खालपर्यंत न्यायचा, शिरेभोवती पाणी भरायचं, लेझर सुरू करून तंतू हळूहळू मागे ओढायचा. शीर आतून भाजून आक्रसते, बंद होते आणि काही महिन्यांत शरीरच तिला विरघळवून टाकतं.

माझी आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिच्या डाव्या पायाचं स्ट्रिपिंग १९८९ मध्ये झालं. पाठीत इंजेक्शन, जांघेत आणि घोट्याशी चिरे, आठवडाभर दवाखाना, महिनाभर रजा. घोट्याच्या आतल्या बाजूला तिला आजही स्पर्श कळत नाही. उजवा पाय तेव्हाच करून घ्या, असं सांगूनही तिनं ऐकलं नाही. तो झाला २०१६ मध्ये, लेझरनं. सकाळी रिक्षानं गेली आणि दुपारी स्वतः जिना चढून घरी आली. मारियसचं नाव तिला माहीत नाही, हिशेब मात्र तिचाही तोच होता.

हिशेब कसा लागतो

आता तर उष्णतेशिवायही शीर बंद करतात. २०१५ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेला एक उपाय म्हणजे चक्क गोंद, आपल्या फेविक्विकच्या कुळातला, सायनोअॅक्रिलेट. 'ना चिरा, ना टाका' अशा जाहिराती शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर दिसतात. म्हणून पुरावा काय सांगतो, हे बघायला हवं.

ब्रिटनमध्ये ७९८ रुग्णांवर लेझर, फेस आणि शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. २०१९ मध्ये आलेले पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष बोलके आहेत. पायाच्या त्रासाच्या बाबतीत लेझर आणि शस्त्रक्रिया या दोन्हींचे रुग्ण फेसवाल्यांपेक्षा बऱ्या स्थितीत होते. म्हणजे सगळ्यात कमी टोचणारा उपाय सगळ्यात टिकाऊ ठरतोच असं नाही, आणि जुनं स्ट्रिपिंग निकामी होतं असंही नाही. लेझरनं जिंकलं ते सोसणं कमी करून. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं २०१३ मध्येच क्रम लावून दिला होता: आधी उष्णतेनं शीर बंद करणं, ते जमत नसेल तर फेस, तेही नसेल तर शस्त्रक्रिया.

दुसरा अभ्यास २०१८ मधला, न भरणाऱ्या जखमांचा. ४५० रुग्ण. सगळ्यांच्या पायाला दाब देणाऱ्या पट्ट्या होत्याच. ज्यांची बिघडलेली शीर लवकर बंद केली, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. ज्यांना थांबवून ठेवलं, त्यांच्यात याला ८२ दिवस लागले. ज्या माणसाचं पोट रोजंदारीवर आहे, त्याला हे २६ दिवस काय आहेत हे समजावून सांगावं लागत नाही.

इथे मला या इतिहासातली एक मोठी फट दिसते. शीर बंद करायला आपण शिकलो, पण तिच्यावर ताण आणणाऱ्या कारणांपैकी एक तसंच आहे. आनुवंशिकता, वय, गरोदरपण, वजन हे सगळं आहेच. त्यात तासन्‌तास उभं राहण्याची भर पडते. डेन्मार्कमध्ये कामगारांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून झालेल्या अभ्यासात, उभ्यानं काम करणाऱ्यांना व्हेरिकोज व्हेन्ससाठी दवाखान्यात जास्त दाखल व्हावं लागल्याचं दिसलं. चालताना पोटरीचा पंप चालू राहतो. एका जागी उभं राहिलं की तो थांबतो.

या कारणावरचा उपाय वैद्यकाच्या इतिहासात सापडत नाही, कायद्याच्या इतिहासात सापडतो. ब्रिटनमध्ये १८९९ मध्ये कायदा झाला, की दुकानात दर तीन विक्रेत्या बायकांमागे एक तरी बसायची जागा असली पाहिजे. आपल्याकडे केरळात कापडदुकानांतल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला. त्यात कोळिकोडच्या पी. विजी आणि त्यांची 'पेन्कूट्टू' ही संघटना पुढे होती. २०१८ मध्ये तिथला दुकानांविषयीचा कायदा बदलला. २०२१ मध्ये तमिळनाडूनंही तशीच दुरुस्ती केली.

लेझरनंतर डॉक्टर सांगतात: रोज चाला, मोजे घाला, फार वेळ एका जागी उभे राहू नका. पहिल्या दोन गोष्टी रुग्णाच्या हातात असतात. तिसरी बहुतेक वेळा मालकाच्या. लग्नसराईत साडीच्या दुकानात गेलात तर गाद्यांवर आपण बसलेले असतो. घड्या उलगडून दाखवणारी मुलगी सकाळपासून उभी असते, आणि तिच्या मागे स्टूल आहे की नाही, हे आपल्याला बसल्या जागेवरून दिसतं.